किल्ली बुद्धमूर्तीखाली

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी लीड्सच्या उत्तर टोकाला असलेल्या एका जुन्या चर्चचं दार उघडलं नाही. ते दार रोज सकाळी उघडणारे गृहस्थ आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाने वारले होते. ते ख्रिश्चन नव्हते. देव मानत नव्हते. नागपूरकडचे बौद्ध, लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेले, आणि काही वर्षं आमचे घरमालक.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. नवऱ्याची कंपनीने पुण्याहून लीड्सला बदली केली, मी वर्तमानपत्रातली डेस्कची नोकरी सोडली आणि काकांच्या घराचा सर्वांत वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. घर पाहायला गेलो तेव्हा नवऱ्याने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. काका म्हणाले, पहिलं नाव पुरे, आडनाव कौन्सिल टॅक्सच्या लोकांना लागतं, मला नाही. मी काय करते असं त्यांनी विचारलं. पत्रकार होते, म्हटलं. त्यानंतर ते मला पत्रकार म्हणू लागले.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. भाडेकरूंना, शेजारच्या शाळकरी पोरांना, स्वतःच्या मुलीलासुद्धा. मुलगी लीड्समध्येच जन्मलेली, आता बर्मिंगहॅमला फार्मसिस्ट. ती वडिलांना अरे-तुरे करायची आणि ते तिला ‘तुम्ही जेवलात का’ असं विचारायचे. फोन स्पीकरवर असला की हे संभाषण जिन्यावरून ऐकू येई. सवयीचं कारण मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या वडिलांना गावात जन्मभर ‘ए’ म्हणून हाक मारली गेली, तेव्हा घरात ‘अहो’चा कोटा शिल्लक आहे.

शनिवारी ते जुनी चर्चं पाहायला जात. पाहायला जात हे पूर्ण खरं नाही. रंगीत काचा, कमानी, थडगी यांत त्यांना रस नव्हता. माहितीचा फलक ते वाचत नसत. चर्चपाशी पोचले की आधी दाराची लोखंडी कडी फिरवून पाहत. दार उघडलं तर पोर्चमधल्या बाकावर बूट काढून ठेवत, मोज्यांवर आत जात, मधल्या वाटेने थेट वेदीच्या कठड्यापर्यंत चालत, तिथल्या भिंतीला तळहात लावत आणि परत येऊन शेवटच्या बाकावर बसत. दार बंद असलं तर दुसऱ्यांदा कडी फिरवत आणि निघत. विहारात बूट काढायची सवय आहे, एवढंच बुटांचं कारण असेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “बूट बाहेर दिसले म्हणजे माणूस आत आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही.”

तिकीट असलेल्या कॅथेड्रलमध्ये ते तिकीट काढून जात नसत. तिकिटाचं दार हे दार नाही, काउंटर आहे, असं त्यांचं मत होतं. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट नसतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते बरोबर त्या वेळी जात. मांडीवर हात ठेवून सगळं गायन ऐकत. सगळे उभे राहिले की उभे राहत. देव मानत नाही तर उभे का राहता, असं माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं. राष्ट्रगीताला राहतोच ना, म्हणाले, इंग्लंडचं असलं तरी.

बसच्या टूरने ते जर्मनीतल्या कलोनचं आणि फ्रान्समधल्या शार्त्रचं कॅथेड्रल पाहून आले होते. बाकीचे प्रवासी मनोऱ्यांचे फोटो काढत होते. काकांच्या फोनमध्ये फक्त दारं होती: जवळून घेतलेल्या कड्या, बिजागऱ्या, झिजलेले उंबरे. एकाही फोटोत पूर्ण इमारत नव्हती. हे दार कुठल्या चर्चचं, असं विचारलं तर त्यांना बहुतेकदा सांगता यायचं.

त्यांच्याबरोबर मी डरहॅमला गेले होते. तिथल्या कॅथेड्रलच्या दारावर ब्राँझची मोठी कडी आहे, राक्षसी तोंडाची. मूळ कडी आत जपून ठेवली आहे, दारावर तिची प्रतिकृती. मध्ययुगात गुन्हा करून पळालेला माणूस ही कडी वाजवायचा आणि त्याला आत आसरा मिळायचा, काही आठवडे कुणी त्याला हात लावू शकत नसे. हे मी त्यांना फलकावरून वाचून दाखवलं. त्यांनी कडी धरली आणि सोडली नाही. मागे शाळेची सहल खोळंबली. दाराशी असलेल्या स्वयंसेवक बाईंनी त्यांना बरं वाटतंय ना असं विचारलं.

“खून करून आलेल्यालाही आत घेत होते, पत्रकार,” ते बाजूला होत म्हणाले. “बातमी आहे ही.”

काही शतकं जुनी आहे, मी म्हटलं.

“मग उशिरा छापा.”

नॉटिंगहॅममधल्या आणि बर्मिंगहॅममधल्या बौद्ध मंडळींना त्यांचं हे वेड ठाऊक होतं. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत त्यांची थट्टा व्हायची. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि रविवारी पाद्र्याकडे, असं कुणीतरी म्हणायचं. काका ताट पुढे करत सांगायचे की ते शनिवारी जातात, रविवारी पाद्री असतो. एकदा एका तरुण कार्यकर्त्याने थट्टा सोडून गंभीरपणे विचारलं, की आपण देवळांकडे पाठ फिरवली ती कशासाठी. काकांनी त्याला उत्तर दिलं: “मी देवाकडे जात नाही हो. दाराकडे जातो.”

ज्या चर्चचा आरंभी उल्लेख आला ते त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दाराची कमान नॉर्मन काळातली, भिंती त्यानंतरच्या, छपरावर शिसं. एकेकाळचं खेडं आता शहराला जोडलं गेलंय. चर्चमागे थडगी, यूचं झाड आणि त्यापलीकडे सुपरमार्केटचा कार पार्क. इथे काकांची पहिली ओळख झाली ती बुटांमुळे. एका शनिवारी त्यांनी पोर्चमधल्या बाकावर बूट ठेवले आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री होती आणि लोक देणगीचं सामान त्याच बाकावर आणून ठेवत होते. काका बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. ते मोज्यांवर घरी आले. मी दार उघडलं. त्यांनी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चर्चला देणगी दिली, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर चर्चच्या वॉर्डनबाई, म्हणजे इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या वयस्क बाई, दारात आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, उंच, हातात काठी. दुसऱ्या हातात बूट. ते एका शेतकऱ्याने विकत घेतले होते आणि पायात बसेनात म्हणून परत आणले होते. मोज्यांवर जाताना काकांना कुणीतरी पाहिलं होतं. बाईंनी माफी मागितली आणि चहाला थांबल्या. दिवाणखान्यातल्या बुद्धमूर्तीकडे पाहून त्यांनी विचारलं की तुम्ही आमच्याकडे कशाला येता. काकांनी सांगितलं की ते इथे बसायला येतात. बसायला घरी सोफा आहे की, बाई म्हणाल्या. तो माझा आहे, काका म्हणाले. बाईंना हे पटलं की नाही ते कळलं नाही. पण त्या नंतर अनेकदा आल्या. काका त्यांना मॅडम म्हणत आणि त्या काकांना पहिल्या नावाला मिस्टर लावून हाक मारत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात छपरावरचं शिसं चोरीला गेलं. लगेच पितळेच्या दोन मेणबत्तीदाण्याही गेल्या. चर्चच्या समितीने ठरवलं की रविवारची प्रार्थना सोडून दार बंद ठेवायचं. आम्हाला हे माहीत नव्हतं. शनिवारी मी काकांबरोबर होते. त्यांनी कडी फिरवली. दार हललं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा फिरवली. इतर ठिकाणी ते एवढ्यावर वळून निघायचे. इथे ते पोर्चमध्ये तसेच उभे राहिले, हात कडीवर. मग बाकावर बसले. बरंच थांबून आम्ही घरी आलो आणि त्या दिवशी त्यांनी चहा केला नाही. त्यांच्या घरात मी राहिले त्या काळात असं एवढ्या एकाच दिवशी झालं.

पुढचा आठवडा ते लायब्ररीत जात होते. तिथून त्यांनी जे शोधून आणलं ते पडताळलं तेव्हा खरं निघालं. इंग्लंडच्या कायद्यानुसार पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, राहणाऱ्या आणि मतदार यादीत नाव असलेल्या कुणालाही, धर्म कोणताही असो, वर्षातून एकदा होणाऱ्या बैठकीला जाता येतं आणि वॉर्डन निवडताना मत देता येतं. काका त्या बैठकीला गेले. सूट, निळा टाय. मी सोबत होते. भारतीय नागरिकाचं नावही तिथल्या मतदार यादीत लागतं, त्यामुळे मत माझंही होतं. हॉलमध्ये साधारण एका बसमध्ये मावतील इतके लोक होते, बहुतेक सगळे काकांहून वयाने मोठे. वॉर्डन म्हणून त्याच बाईंचं नाव पुढे आलं. दार बंद करण्याच्या बाजूने त्याच सर्वांत आग्रही होत्या. काकांनी त्यांच्यासाठी हात वर केला.

मग त्यांनी दाराचा विषय काढला. बाईंनी शांतपणे सांगितलं की रोज उघडायला आणि बंद करायला माणूस नाही, आपल्यापैकी अर्ध्यांना पायऱ्या चढवत नाहीत.

“मी करतो,” काका म्हणाले.

व्हिकार, म्हणजे तिथले धर्मगुरू, नवीन होते. त्यांनी काकांना कोणत्या मंडळीतले असं विचारलं. कुठल्याच नाही, बौद्ध आहे, असं काकांनी सांगितलं. मागच्या रांगेतून एक आवाज आला, की मग निदान प्रार्थनेची वाइन तरी सुरक्षित राहील. लोक हसले. काकाही हसले. बाई हसल्या नाहीत.

“तुम्ही देव मानत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

“मग दार कुणासाठी उघडं हवंय?”

काकांचं इंग्रजी कामापुरतं आणि सरळ होतं. ते म्हणाले, “तुम्हाला हे दार कधीच बंद नसतं. तुमच्याकडे किल्ली आहे. कुलूप फक्त बाहेरच्याला लागतं.”

दार कधी उघडायचं हे समितीच्या अखत्यारीत होतं. समितीने तीन महिने करून पाहू असं ठरवलं. किल्ली लोखंडी होती, खिशात न मावणारी. काकांनी ती बुद्धमूर्तीखालच्या खिळ्याला टांगली. तीन महिने झाले, त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही आणि किल्ली तिथेच राहिली.

तेव्हापासून त्यांचं दुसऱ्या चर्चना जाणं थांबलं. सकाळी ते दार उघडत, बूट पोर्चमध्ये ठेवत आणि शेवटच्या बाकावर थर्मास घेऊन बसत. चहा आत पीत नसत. पोर्चमध्ये जाऊन पीत. जेवण थडग्यांजवळच्या बाकावर, ठेचा लावलेली पोळी फॉइलमध्ये गुंडाळलेली. आत दगडाची थंडी असे, हीटर फक्त रविवारी लागत. येणारे थोडे असत. पाठीवर सॅक लावून फिरणारे, आईचं थडगं शोधणारी बाई, कधी चित्रं काढायला शाळेची मुलं, त्यांतली निम्मी मुसलमान. पार्सल पोचवणारा एक ड्रायव्हर दुपारी येऊन काहीही न बोलता बसायचा. बरेच जण दारात थांबून आत यायला चालेल का असं विचारत. काका ‘या’ म्हणत नसत. ते घर आपलं नाही, आपण कोण बोलावणार, असं त्यांचं म्हणणं. ते फक्त सांगत की दार उघडं आहे.

वडिलांबद्दल ते माझ्याशी एकदाच सविस्तर बोलले. बाहेरच्या बाकावर जेवत होतो. वडील गवंडीकाम करायचे. गावातलं देऊळ पडायला आलं होतं, ते नव्याने बांधलं, त्यात गाभाऱ्याची भिंत त्यांनी उचलली. बांधकाम चालू होतं तोवर आत-बाहेर करायला कुणाची हरकत नव्हती. चुना लागला, मूर्ती बसली, पूजा झाली, आणि त्या दिवसापासून वडील बाहेर. गावाचं नाव काकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या हकीकतीला दुसरा आधार माझ्याकडे नाही.

“मी लहान होतो,” ते म्हणाले. “बापाला इचारलं, आतून कसं दिसते? म्हणे, आता आठवत नाही.”

त्यांनी फॉइलची घडी घातली आणि ते उठले. दारात दोन सायकलवाले उभे होते.

छातीचा त्रास त्यांना आधीपासून होता. किल्ली घेतल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात तो वाढला. मधल्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीकडे जिना चढताना त्यांचा श्वास वर आम्हाला ऐकू यायचा. मुलगी दर पंधरवड्याला बर्मिंगहॅमहून येऊ लागली. तिच्याकडे खालच्या मजल्यावर खोली तयार होती, हॉस्पिटल जवळ, दारातून बस. तिला त्या चर्चचा राग होता आणि तो ती लपवत नसे. एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, “तू सांग ना त्याला. माझा ऐकत नाही तो. त्याचा छाती बघ, literally किटलीसारखा आवाज येतो. आणि कशासाठी? It’s not even his church.” काका बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी तिथूनच सांगितलं की तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आणि ज्या दिवशी दुसरं कुणी ही किल्ली घेईल त्या दिवशी मी बर्मिंगहॅमला येईन. “लिहून द्या, बाबा,” ती म्हणाली. रागावली की ती त्यांना अहो-जाहो करायची.

त्यांनी टाळाटाळ केली असं म्हणता येणार नाही. चर्चच्या सुगीच्या जेवणाला, नाताळच्या बाजाराला, बैठकीत, त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं. लोक त्यांचे आभार मानत. किल्ली कुणी घेत नसे. बाईंचे गुडघे गेले होते. एक जोडपं तयार झालं आणि स्कॉटलंडला राहायला गेलं. दरम्यान नवऱ्याला नॉटिंगहॅमला काम मिळालं आणि आम्ही लीड्स सोडलं. निघताना काकांनी आम्हाला पोळ्या बांधून दिल्या. जाऊन पोचल्यावर कळवा, म्हणाले. आणि तिकडच्या चर्चांची दारं आठवडाभर उघडी असतात का ते बघा. मी पाहिली. काही असतात. फोनवर तसं सांगितलं की ते नाव विचारत आणि ठीक म्हणत.

गेल्या जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडलं. त्या आठवड्यातही दार रोज उघडलं, असं वॉर्डनबाईंनी सांगितलं. काका पोर्चपर्यंतची वाट स्वतः मोकळी करत होते. नंतरच्या आठवड्यात त्यांना ताप आला. दोन दिवस त्यांनी तो कुणाला कळू दिला नाही. तिसऱ्या दिवशी बाई दुपारी चर्चपाशी आल्या तेव्हा ते शेवटच्या बाकावर बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. अँब्युलन्स बाईंनी बोलावली. स्ट्रेचर बाहेर नेताना काकांनी त्यांना चार वाजल्यावर कुलूप लावायला सांगितलं. हे बाईंनी मला अंत्यविधीच्या दिवशी सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये ते पाच-सहा दिवस होते. मुलगी तिथेच राहिली. त्या दिवसांत दार उघडायचं काम बाईंनी केलं, काठी टेकत, टॅक्सी करून. सोमवारी संध्याकाळी काका गेले. मंगळवारी बाई दारापर्यंत आल्या. त्यांच्या सांगण्यानुसार किल्ली हातात होती, पण लावली नाही.

अंत्यविधी लीड्सच्या शवदाहगृहात, बर्मिंगहॅमहून आलेल्या भिक्खूंनी केला. त्रिशरण, पंचशील, मग मुलगी दोन शब्द बोलली, इंग्रजीत. चर्चमधले बरेच लोक आले होते आणि मागे बसले होते. पार्सलवाला ड्रायव्हर कामाच्या कपड्यांत होता. बाहेर पडल्यावर बाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि मुलीपुढे धरली. ही तुमच्या घरातल्या खिळ्याची आहे, म्हणाल्या. मुलीने ती घेतली नाही. ही चर्चची आहे, तुम्हीच ठेवा, म्हणाली. बाई म्हणाल्या की माझ्या हाताने आता ती धड फिरत नाही. आणि आठवडाभर मी रोज तिथे बसले, फार थंडी असते, तुमचे वडील हे कसं करत होते मला माहीत नाही.

“मी त्याला सांगत होते,” मुलगी मराठीत म्हणाली. बाईंना ते कळलं नाही. मुलीने त्यांच्या हातातून किल्ली घेतली.

एप्रिलमध्ये चर्चची वार्षिक बैठक झाली. मुलगी लीड्समध्ये राहत नसल्याने तिला मत नव्हतं. बोलायला परवानगी मिळाली. ती काय बोलली याची नोंद मला मिळाली नाही. बाईंनी फोनवर सांगितलं की ती फार कमी बोलली आणि बाईंच्या अंदाजाने चिडलेली होती. त्यानंतर समितीने निर्णय घेतला. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दार उघडं असतं. बाकीच्या दिवशी कुलूप. मंगळवारी व्हिकार येतात. गुरुवारी दुपारी, फेरी संपल्यावर, ड्रायव्हर. शनिवारी काकांची मुलगी बर्मिंगहॅमहून पहिल्या ट्रेनने येते आणि संध्याकाळी परत जाते.

गेल्या शनिवारी ती ट्रेन रद्द झाली. मुलगी बसने आली. दार दुपारी उघडलं.